मी प्यूमा बोलतोय!

हॉलिवूडच्या पाटीखाली राहणारा एक प्यूमा स्वतःची गोष्ट सांगतो आणि ती वाचताना आपल्याला आरे आठवतं, घोडबंदर रोड आठवतो... 'ओपन थ्रोट' या छोट्याशा कादंबरीच्या निमित्तानं, शहराच्या काठावर राहणाऱ्या शेजाऱ्यांविषयी.

शाळेत 'आत्मवृत्त' नावाचा एक प्रकार असायचा, आठवतंय? 'मी छत्री बोलतेय', 'वडाच्या झाडाचे मनोगत', 'पिंजऱ्यातल्या पोपटाची कैफियत'... परीक्षेत हमखास येणारा निबंध! फंडा एकदम सोपा. छत्री असो नाहीतर पोपट, बोलायचा मात्र मराठीच्या बाईंसारखा. आधी थोडं दुःख, मग माणसांच्या कृतघ्नपणाबद्दल दोन वाक्यं आणि शेवटी 'तर मित्रांनो...' करून एक संदेश. पोपटाला पोपटासारखं बोलू दिलं म्हणून कुणाला जास्त मार्क मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्यामुळे 'अख्खी कादंबरी एक जंगली प्राणी सांगतो' असं एका मैत्रिणीनं सांगितलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, 'शेवटी पर्यावरणाचा संदेश आहे का गं?' ती म्हणाली, 'नाहीये. आणि फुलस्टॉपही नाहीये.' मग मात्र पुस्तक मागून घेतलं. ठाणे ते दादर अशा चार दिवसांच्या लोकल प्रवासात वाचून संपलं. त्यातले दोन दिवस तर चक्क उभ्यानं!

पुस्तकाचं नाव 'ओपन थ्रोट'. लेखक हेन्री होक, अमेरिकन. कादंबरी आली जून २०२३ मध्ये आणि २०२४ च्या पेन/फॉकनर पुरस्काराच्या अंतिम पाच पुस्तकांत तिचं नाव होतं. निवेदक आहे एक माउंटन लायन, म्हणजे प्यूमा. राहतो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, त्या जगप्रसिद्ध 'हॉलिवूड' पाटीखालच्या डोंगरात. पाऊस नाही, खायला हरणं कमी, पाणी कमी. दिवसभर झुडपात लपून बसायचं आणि वाटेनं येणाऱ्याजाणाऱ्या ट्रेकर्सच्या गप्पा ऐकायच्या, हा त्याचा टाइमपास.

अर्धवट ऐकलेलं शहर

खरी गंमत इथेच आहे. या प्यूमाला माणसांची भाषा कळते, पण अर्धवट. जे कानावर पडतं, तेच त्याचं शब्दभांडार. 'एल.ए.' हे शहराचं नाव तो आपल्या मनानं एकाच शब्दात लिहितो. लोक सारखे 'स्कॅर्सिटी'बद्दल, म्हणजे टंचाईबद्दल बोलतात. त्याला ऐकू येतं 'स्केअर सिटी'... घाबरवणारं शहर! आणि चूक म्हणावी तर तीही नाही. हायवेला त्यानं स्वतःचं नाव ठेवलंय, 'लांबच लांब मरण'. ट्रेकर्स एकमेकांना आपापल्या थेरपिस्टबद्दल सांगत असतात. ते ऐकून ऐकून यालाही वाटायला लागतं, की आपल्यालाही एक थेरपिस्ट हवा. हे वाचताना मी डब्यात एकटीच हसले आणि शेजारच्या काकूंनी पर्स जवळ ओढून घेतली.

वाक्यांना पूर्णविराम नाहीत, स्वल्पविराम नाहीत. एक ओळ, मग मोकळी जागा, मग पुढची ओळ. सुरुवातीला वाटलं, झालं, आता कविता वाचायला लागणार! पण दहा पानांत डोळ्यांना सवय होते. दबा धरून बसलेल्या प्राण्याचं लक्ष जसं एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर उडी मारत असेल, तशी ती ओळ उडी मारते.

आणखी एक गोष्ट. हा प्यूमा गे आहे. दुसऱ्या एका नर प्यूमाबरोबर त्यानं एकेकाळी शिकार वाटून खाल्ली होती आणि त्याची आठवण त्याला सोडत नाही. पुढे शहरात त्याला भेटलेली एक मुलगी तर त्याला देवीच समजते, ग्रीक पुराणातल्या हेकाटेचं नाव देते. इंग्रजीतल्या 'आय'ला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसल्यामुळे होकचं काम भागतं. हेच मराठीत आणायचं म्हटलं तर? 'मी बघतो' लिहायचं की 'मी बघते'? बिचारा भाषांतरकार पहिल्याच क्रियापदाला अडखळेल! स्वतःसाठी नेमका शब्द न सापडणं हेच त्या प्यूमाचंही दुखणं आहे.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. वानरांच्या टोळ्या, त्यांची भांडणं, सत्तेचा खेळ. पण तिथे लेखक बाहेर उभा राहून, श्वास रोखून बघत असतो. होक सरळ प्राण्याच्या डोक्यात घुसतो. या वाटेत धोका मोठा, कारण घसरलात की थेट शाळेतल्या निबंधात! होक घसरत नाही याचं कारण एकच. त्याचा प्यूमा शहाणा नाही. त्याला भूक लागते आणि माणसं बघून ती चाळवतेही. हे तो आपल्यापासून लपवत नाही.

खरा हिरो : पी-२२

कल्पना होकची असली, तरी तिच्यामागे खरा प्राणी आहे. त्याचं नाव पी-२२. 'पी' म्हणजे प्यूमा आणि २२ हा अभ्यासातला क्रमांक. जन्म साधारण २०१० चा, सांता मोनिकाच्या डोंगरातला. वयात आल्यावर नवी हद्द शोधायला निघाला आणि ४०५ व १०१ हे दोन अवाढव्य फ्रीवे ओलांडून ग्रिफिथ पार्कमध्ये पोचला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या एका ट्रॅप कॅमेऱ्यात तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा अभ्यासकांचाही विश्वास बसेना. महिन्याभरात त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर पडली.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये स्टीव्ह विंटर यांनी काढलेला त्याचा फोटो आला. मागे लखलखणारी हॉलिवूडची पाटी आणि पुढून चाललेला हा पठ्ठ्या! झालं, एका रात्रीत स्टार. पण स्टारचं घर केवढं? नर प्यूमाला साधारण दीडशे चौरस मैलांची हद्द लागते, याच्या वाट्याला आले जेमतेम नऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर टू बीएचकेची गरज आणि मिळाली पीजीतली कॉट. चहूबाजूंनी रस्ते. मादी कधीच भेटली नाही.

२०१४ मध्ये तो खरजेनं हैराण झालेला सापडला. तपासणीत अंगात उंदरांच्या विषाचा अंश निघाला. आपण उंदराला विष घालतो, उंदराला दुसरा प्राणी खातो आणि त्याला खाणाऱ्यापर्यंत ते विष बरोबर पोचतं. २०१५ मध्ये तो लॉस फेलिझ भागातल्या एका घराच्या तळाशी असलेल्या पोकळीत जाऊन बसला. २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या एका कोआलाच्या मृत्यूचा संशय त्याच्यावर आला. तरीही शहरानं त्याला हाकललं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तो पकडला गेला तेव्हा म्हातारा झाला होता. वाहनाच्या धडकेनं डोक्याला मार लागलेला, मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही आजारी. १७ डिसेंबरला डॉक्टरांनी त्याला शांतपणे मरण दिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीक थिएटरमध्ये त्याची शोकसभा झाली. तिची सगळी तिकिटं संपली होती!

एवढं प्रेम मिळालं खरं. पण रस्ता त्याच्यासाठी कधी थांबला नाही. १०१ फ्रीवेवरून प्राण्यांना ओलांडता यावं म्हणून मोठा हिरवा पूल बांधायला एप्रिल २०२२ मध्ये सुरुवात झाली, म्हणजे पी-२२ च्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात.

तंबूतले शेजारी

पुस्तकातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या प्यूमाचे सगळ्यात जवळचे शेजारी कोण? बंगल्यातले श्रीमंत नाहीत, ट्रेकर्स तर नाहीतच. ते आहेत त्याच डोंगरात तंबू ठोकून राहणारे बेघर लोक. भाडं परवडत नाही म्हणून शहरानं त्यांना काठावर ढकललंय. प्यूमा त्यांना 'आपली माणसं' समजतो, लांबून त्यांची राखण करतो. त्यांना हे माहीतही नसतं. आणि मग एक माणूस त्या वस्तीला आग लावतो. तंबू जळतात, डोंगर जळतो आणि प्यूमाला खाली, शहरात उतरावं लागतं. पुढचं सांगत नाही. शेवट स्वतः वाचा.

म्हणजे प्यूमा आणि ती माणसं एकाच कारणानं एकाच जागी आलेली आहेत. शहराच्या मधे जागा मिळत नाही, म्हणून काठावर. आणि शहराला काही नको झालं, की पहिला चटका बसतो तो काठालाच.

हे वाचलं आणि दादर स्टेशन येऊन गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. कारण ही गोष्ट आपण ओळखतो.

आणि आपले 'आजोबा'

ज्यांच्या हद्दीत मोठी मांजरं राहतात अशी महानगरं म्हणून लॉस एंजेलिस आणि मुंबई ही नावं कायम जोडीनं घेतली जातात. फरक एवढाच, की ग्रिफिथ पार्कमध्ये एकटा पी-२२ होता. आपल्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आणि २०१८ च्या मोजणीत तिथे आणि आजूबाजूला ४७ बिबटे दिसले होते. २०१५ मध्ये हाच आकडा ३५ होता.

आपला पी-२२ सुद्धा होऊन गेला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. संशोधक विद्या अत्रेय आणि वनविभागानं त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेजच्या बाजूला सोडलं. वयस्कर होता, म्हणून नाव पडलं 'आजोबा'. या आजोबांनी काय करावं? महामार्ग, रेल्वेमार्ग, वसईची खाडी असं सगळं पार करत सुमारे १२० किलोमीटर चालून ते थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात दाखल झाले! वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. २०११ च्या शेवटी मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत ते गेले. लांबच लांब मरण, दुसरं काय? त्यांच्यावरचा, सुजय डहाकेनं दिग्दर्शित केलेला आणि उर्मिला मातोंडकरची भूमिका असलेला 'आजोबा' २०१४ मध्ये आला होता. पाहिला नसेल तर या वीकएंडला बघून टाका.

शिरलं कोण?

'मानवी वस्तीत बिबट्या शिरला!' ही ब्रेकिंग न्यूज आपण कितीदा पाहिलीय? मास कॉमच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, हेडलाइनचं क्रियापद नीट निवडा, अर्धी बातमी तेच सांगतं. 'शिरला' या शब्दातच तो चोर ठरतो. गंमत म्हणजे जंगलाला लागून झोपडी बांधणाऱ्यासाठीही आपण हेच क्रियापद वापरतो. जंगलाला खेटून तीस मजली टॉवर उभा राहिला तर तो मात्र 'शिरत' नाही. त्याचं थाटात 'लाँचिंग' होतं!

माझी एक मैत्रीण घोडबंदर रोडला अशाच एका टॉवरमध्ये राहते. 'फॉरेस्ट व्ह्यू'चे पैसे वेगळे मोजलेत. पहाटे पाच वाजता ती बाल्कनीत कॉफी घेऊन बसते, बिबट्या दिसेल या आशेनं. तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी जवळच्या पाड्यातून चालत येतात. हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं गाणं. मी विचारलं, 'मावशी, भीती नाही वाटत?' त्या म्हणाल्या, 'ताई, तुम्ही तो दिसावा म्हणून उठता. आम्ही तो दिसू नये म्हणून गाणं लावतो.'

मला तर हे एकच वाक्य अख्ख्या पुस्तकाएवढं वाटलं. बिबट्याचं कौतुक बाल्कनीत होतं आणि त्याची किंमत पायवाटेवर मोजली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये दीड वर्षाची चिमुरडी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. २०२५ च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात लहान मुलं गेली आणि गावकरी रस्त्यावर उतरले. ज्याचं मूल गेलं त्याला 'सहजीवन' या विषयावर लेक्चर द्यायचा हक्क तुम्हा-आम्हाला नाही, बॉस. कादंबरीचं कौतुक करताना हे विसरलं तर आपणही बाल्कनीतलेच.

मग करायचं काय, सगळे बिबटे उचलून लांब सोडून द्यायचे? हा प्रयोग झालाय! जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात जे निघालं ते धक्कादायक आहे. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. अनोळखी जागी टाकलेला, बिथरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतो. मुंबईतही २००२ ते २००४ ही वर्षं अशीच रक्तानं माखलेली होती. त्यानंतर हळूहळू धोरण बदललं. २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनविभाग, संशोधक, पोलिस, पत्रकार आणि रहिवासी एकत्र बसले. पिंजऱ्यापेक्षा भर दिला गेला तो कचरा उचलण्यावर, दिव्यांवर आणि लोकांना माहिती देण्यावर.

कारण साधं आहे. कचरा साचला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. इथल्या बिबट्याच्या जेवणाचा मोठा वाटा भटक्या कुत्र्यांचा आहे. वस्तीत संडास नसेल, तर अंधारात झुडपाआड बसणारं माणूस, विशेषतः लहान मूल, त्याला माणसासारखं दिसतच नाही. म्हणजे बिबट्याचा प्रश्न बऱ्याच अंशी नळ, दिवा, कचरागाडी आणि संडासाचा प्रश्न आहे. वनविभागाइतकाच तो महापालिकेचाही आहे. आणि ज्या सोसायट्या 'फॉरेस्ट व्ह्यू' विकतात, त्यांचाही!

वाघोबा आणि आपण

आरे आणि नॅशनल पार्कच्या परिसरातले वारली वाघोबाला देव मानतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेंदूर, वर्षातून एकदा पूजा. त्यांच्या 'वाघोबा'त बिबट्याही आला. मला यात भाबडी भक्ती दिसत नाही, व्यवहार दिसतो. तू तिथे आहेस हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही इथे आहोत हे तू लक्षात ठेव. शेजाऱ्याशी असतो तसा करार. आपल्या टॉवर संस्कृतीत शेजाऱ्याशी करार सोडा, लिफ्टमध्ये 'हॅलो' म्हणायचीही पंचाईत!

'ओपन थ्रोट' तुम्हाला बिबट्यावर प्रेम करायला शिकवणार नाही. तसा त्याचा आविर्भावही नाही. ते एवढंच करतं, की दीडशेच्या आसपास पानांपुरतं तुम्हाला झुडपाच्या पलीकडे बसवतं. तिथून आपण कसे दिसतो? सारखे फोनवर बोलणारे, पैशांची चिंता करणारे, पाण्याची बाटली अर्धी पिऊन फेकणारे, आणि वर 'निसर्गात काय शांत वाटतं नाही?' म्हणणारे! हसूही येतं आणि जरा वरमायलाही होतं.

पुढच्या वेळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंधुक सीसीटीव्ही क्लिप येईल आणि खाली कुणीतरी 'ह्याला पकडा' असं लिहील. तेव्हा अंगठा दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारून बघा. आपल्या मागच्या गेटजवळचा कचरा शेवटचा कधी उचलला होता? आणि त्या गेटपासून पाड्यापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या मीटिंगला जिमच्या ट्रेडमिलआधी तो विषय घ्या. मावशींना गाण्याचा आवाज थोडा कमी करता येईल.

चौकट : बिबट्या दिसला तर?

* पळू नका. पाठ न दाखवता सावकाश मागे सरका. लहान मूल बरोबर असेल तर आधी त्याला उचलून घ्या.
* वाकू नका, खाली बसू नका. उभं राहून आपण मोठे दिसलेलं बरं.
* घोळका करू नका. गर्दीनं घेरलेला बिबट्याच जास्त धोकादायक असतो. सेल्फी तर अजिबात नको!
* त्याला जायला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाला कळवा.
* अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका. रात्री चालताना टॉर्च आणि आवाज, दोन्ही असू द्या.
* नुसता दिसला म्हणून 'पकडून न्या' असा आग्रह धरू नका. मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या भरून काढतो, आणि तो या परिसराला नवखा असतो.